'बेंडी' कुठे वापरावा आणि कुठे नाही

'अवर बॅच टायमिंग्ज आर बेंडी' असं एखाद्या क्लासच्या जाहिरातीत लिहिलं, तर वाचणारा इंग्रज आधी गोंधळेल आणि मग बहुधा हसेल. चूक व्याकरणाची नाही. शब्दकोशात 'बेंडी'समोर 'लवचीक' दिसतो आणि आपल्याकडे वेळा, हप्ते, धोरणं, नियम सगळंच लवचीक असतं. म्हणून हात सहज त्या शब्दाकडे जातो. पण मराठी 'लवचीक' फार लांबवर पोचतो. इंग्रजी 'बेंडी' मात्र डोळ्यांना दिसेल, हाताला जाणवेल एवढ्याच वाकण्यापुरता आहे. वेळ वाकताना दिसत नाही, त्यामुळे वेळा 'फ्लेक्सिबल' असतात, 'बेंडी' कधीच नसतात.

दुसरी गोष्ट त्याच्या वजनाची. आपल्याकडे पाळण्यातलं नाव वेगळं आणि हाक मारायचं नाव वेगळं असतं. शाळेच्या दाखल्यावर 'पुरुषोत्तम', घरात 'पुऱ्या'. 'बेंडी' हे हाक मारायचं नाव आहे. जिथे कागदावर 'फ्लेक्सिबल', 'आर्टिक्युलेटेड', 'हायपरमोबाइल' असे भारदस्त शब्द असतात, तिथे बोलताना इंग्रज माणूस 'बेंडी' म्हणून मोकळा होतो. ब्रिटनमध्ये हा शब्द जास्त ऐकू येतो, अमेरिकेत थोडा कमी. मुलांशी बोलताना, खेळण्यांच्या खोक्यावर, मित्रांच्या गप्पांत तो शोभतो. टेंडरात शोभत नाही.

आधी उच्चार

अक्षरं बी, ई, एन, डी, वाय. 'बेंच'मधला 'बें' आणि 'कँडी'मधला 'डी'. जोर पहिल्या अक्षरावर, 'डी' हलकाच सोडायचा, लांबवायचा नाही. 'ट्रेंडी'शी याचं यमक जुळतं.

मराठी तोंडात दोन धोके असतात. एक म्हणजे 'ब'चा 'भ' होणं. फोनवर घाईत 'बेंडी स्ट्रॉ' म्हणायला जावं आणि समोरच्या मराठी माणसाला भेंडी ऐकू यावी, हे सहज होतं. दुसरा धोका 'बेंड' या आपल्याच शब्दाचा. गळवासारखी गाठ आली की आपण बेंड आलं म्हणतो. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, पण मराठी वाक्यात 'बेंडी' देवनागरीत लिहिताना वाचणाऱ्याच्या मनात ती गाठ डोकावते, हे ध्यानात ठेवून आजूबाजूचं वाक्य स्पष्ट ठेवावं.

भेंडीचा मात्र उपयोगही करून घेता येतो. मंडईत भेंडीचं टोक मोडून बघतात (भाजीवाली डोळे वटारते, तरी बघतातच). कोवळी असेल तर टोक कट्कन तुटतं. जून झाली असेल तर आतले तंतू तयार झालेले असतात, मग टोक नुसतं वाकतं, तुटत नाही. म्हणजे बेंडी भेंडी घ्यायची नाही. वाकतं पण मोडत नाही, हाच 'बेंडी'चा पहिला अर्थ, आणि तो एवढ्या स्वस्तात दुसरीकडे कुठे शिकायला मिळत नाही.

पहिला अर्थ: वाकवलं की वाकणारं

इथेच सगळ्यात जास्त शब्द एकमेकांत मिसळतात, म्हणून वस्तू हातात घेऊन ठरवणं बरं. एक टोक चिमटीत धरा आणि वस्तू आडवी करा.

आपल्याच वजनाने ती खाली लोंबली, तर इंग्रजी शब्द 'फ्लॉपी'. भाजी मलूल होऊन लोंबत असेल तर 'लिंप'. ओला पुठ्ठा, मेणबत्तीजवळ फार वेळ राहिलेली प्लास्टिकची पट्टी, कोमेजलेली कोथिंबीर यांची जागा इथे.

लोंबली नाही, पण बोटाने दाबल्यावर वाकली, तर ती 'बेंडी'. आता बोट काढा. पुन्हा सरळ झाली तर तिला 'स्प्रिंगी'ही म्हणता येईल. पोलादी फूटपट्टी अशी असते. वाकलेलीच राहिली तर 'बेंडेबल' हा नेमका शब्द आहे. तांब्याची तार अशी असते. 'बेंडी' दोन्हींना चालतो, कारण सोडल्यावर वस्तू परत येते की नाही याबद्दल 'बेंडी' काहीच सांगत नाही. कामाच्या लिखाणात हा शब्द टाळण्याचं खरं कारण हेच. 'बेंडी वायर हवी' असं लिहून पाठवलं तर समोरचा परत उसळणारी स्प्रिंगची तार पाठवेल की दिलेला आकार धरून ठेवणारी, हे तुमच्या नशिबावर.

ओढल्यावर लांब झाली, तर ती 'स्ट्रेची'. रबरबँड, मोज्याची कड, पायजम्याचं इलॅस्टिक. हे सगळं वाकतंही, पण त्याचा मुख्य गुण ताणला जाण्याचा, म्हणून त्याला कोणी 'बेंडी' म्हणत नाही. आणि वाकवता वाकवता तडकली तर ती 'ब्रिटल'.

पापडावरून हे झटकन कळतं. नुकताच लाटलेला पापड उचलला की लोंबतो, तो 'फ्लॉपी'. उन्हात थोडा वेळ राहिला की उचलता येतो पण कड वाकते, तेव्हा तो 'बेंडी'. खडखडीत वाळला की वाकवायला जाल तर मोडतो, तो 'ब्रिटल'. पाणी कमी होत गेलं तसा शब्द बदलत गेला. गाजराचं उलटं आहे. ताजं गाजर कट्कन मोडतं, फ्रिजमध्ये आठवडाभर पडलेलं गाजर पेशींमधलं पाणी गेल्यामुळे धनुष्यासारखं वाकतं. इंग्रजांच्या स्वयंपाकघरात त्याला सर्रास 'बेंडी कॅरट' म्हणतात. काही तास बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवलं की ते बरंचसं पूर्ववत होतं, कारण पेशी पाणी पुन्हा ओढून घेतात.

'बेंडियर', म्हणजे जास्त बेंडी, कशाने होतं हेही जाता जाता पाहू, कारण तुलनेची वाक्यं इथेच लागतात. सपाट पट्टीची जाडी दुप्पट केली की ती वाकवायला आठपट जोर लागतो. जाडी निम्मी केली की आठव्या हिश्श्यात काम होतं. म्हणूनच एका जाड तारेपेक्षा तेवढ्याच तांब्याच्या बारीक तारांचा पीळ कितीतरी जास्त वाकतो. 'मल्टीस्ट्रँड वायर इज बेंडियर दॅन सॉलिड वायर' हे वाक्य भाषेनेही बरोबर आहे आणि विजेच्या कामातही. आत तार घातलेली रबरी बाहुली इंग्रजीत 'बेंडी टॉय' म्हणून विकली जाते. तिचा हात एकाच जागी मागेपुढे वाकवत राहिलं की आतली तार त्या जागी कडक होत जाते आणि तुटते. मग हात नुसता लोंबतो. म्हणजे 'बेंडी'ची 'फ्लॉपी' झाली.

स्ट्रॉची मान

'बेंडी' हे विशेषण जिथे सगळ्यात घट्ट चिकटलंय ती वस्तू म्हणजे शहाळ्यात किंवा छोट्या ज्यूसच्या खोक्यात खुपसायची, मान वाकणारी नळी. हातात घेऊन बघितलीत तर नळीच्या वरच्या भागात घड्या घातलेला एक पट्टा दिसेल. नळी वाकवली की आतल्या बाजूच्या घड्या मिटतात, बाहेरच्या बाजूच्या उघडतात, त्यामुळे भोक बंद होत नाही. साधी सरळ नळी वाकवली तर ती एका रेषेवर चेपते आणि ओढायला काही येत नाही. हा फरक नळीवरूनच समजावून सांगता येतो: साधी नळी 'बेंडेबल' आहे, पण उपयोगाची 'बेंडी' नाही.

हिचा जन्म १९३०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत झाला. जोसेफ फ्रीडमन यांची लहान मुलगी भावाच्या दुकानातल्या उंच काउंटरवर मिल्कशेक पीत होती आणि सरळ कागदी नळी तिच्या तोंडापर्यंत येत नव्हती. फ्रीडमनने नळीत एक स्क्रू सरकवला, बाहेरून दात साफ करायचा धागा स्क्रूच्या आट्यांमध्ये गुंडाळून घट्ट ओढला आणि स्क्रू काढून घेतला. आट्यांच्या खुणा कागदावर राहिल्या, मान तयार झाली. पेटंट १९३७ सालचं. पहिलं मोठं गिऱ्हाईक १९४७मध्ये मिळालं ते एक हॉस्पिटल होतं, कारण आडव्या पेशंटला ग्लास तिरका न करता पिता येऊ लागलं. आता शब्दांकडे बघा. त्यांच्या कंपनीच्या नावात 'फ्लेक्सिबल' होतं. लोकांच्या तोंडी 'बेंडी' बसलं. पाळण्यातलं नाव आणि हाक मारायचं नाव, पुन्हा तेच.

दुसरा अर्थ: वळणावळणाचं

रस्ता हाताने वाकत नाही, तरी 'बेंडी रोड' म्हणतात. इथे 'बेंडी' म्हणजे बेंडनी, म्हणजे वळणांनी भरलेला. इंग्रजीत शब्दाला शेवटी 'वाय' लावून दोन वेगळी कामं करतात. 'सँडी' म्हणजे वाळूने भरलेलं, 'स्टिकी' म्हणजे चिकटण्याचा स्वभाव असलेलं. मराठीत ही कामं वेगवेगळ्या प्रत्ययांनी होतात: रेताड, खडकाळ, काटेरी एका बाजूला, चिकट, घसरडं दुसऱ्या बाजूला. 'बेंडी' या एकाच शब्दात दोन्ही बसतात, आणि कुठला अर्थ घ्यायचा हे पुढचं नाम ठरवतं. स्ट्रॉ, पट्टी, फांदी आली की पहिला. रस्ता, नदी, पायवाट आली की दुसरा.

'द रोड डाउन आंबोली घाट इज व्हेरी बेंडी' हे वाक्य बोलण्यात अगदी बरोबर. मात्र पुढच्या तीन गोष्टी सांभाळा. एकच वळण असेल तर रस्ता 'बेंडी' होत नाही, तेव्हा 'देअर इज अ शार्प बेंड अहेड' म्हणायचं. 'द रोड इज बेंट' कधीच म्हणायचं नाही, त्याने रस्ता कुणीतरी वाकवून ठेवल्यासारखं वाटतं. आणि पर्यटनाची पुस्तिका किंवा हॉटेलच्या संकेतस्थळावरची माहिती लिहीत असाल तर 'वाइंडिंग' घ्या, ते कुठेही खपतं. मोटरसायकलवाले 'ट्विस्टी' म्हणतात आणि त्यात वळणं घेण्याची मजा असते. 'बेंडी'मध्ये उलट मागच्या सीटवर बसून मळमळणाऱ्याची तक्रार जास्त असते. 'हेअरपिन' हे नाव यू आकाराच्या एकेका वळणाचं, सगळ्या रस्त्याचं नव्हे.

गडबड होते ती 'पाइप'पाशी. 'बेंडी पाइप' म्हणजे हाताने वाकणारा पाइप की तीन ठिकाणी वळवलेला? दोन्ही होऊ शकतं. म्हणून हाताने वाकणारा असेल तर 'फ्लेक्सिबल पाइप' आणि वळवलेला असेल तर 'पाइप विथ थ्री बेंड्स' लिहावं. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात तर 'बेंडी' म्हणून काही मिळणारच नाही. तिथे 'फ्लेक्सिबल' चालतं. 'बेंड' मागितलात तर प्लंबिंगचा सांधा हातात येतो, एल्बोपेक्षा मोठ्या गोलाईचा.

वाकड्या केळ्यांचं प्रकरण

तिसरा एक अर्थ आहे, शब्दकोशात तो दुसऱ्यातच गुंडाळलेला असतो: नुसतं वाकडं. केळं हाताने वाकत नाही, त्याला चार वळणंही नसतात, तरी ब्रिटिश वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं 'बेंडी बनाना' गाजत राहिलं. युरोपीय संघाने १९९४ साली केळ्यांच्या दर्जाचे नियम केले (क्रमांक २२५७/९४), ते १९९५पासून लागू झाले. त्यात लांबी कमीत कमी १४ सेंटिमीटर हवी आणि केळं विकृत आकाराचं किंवा 'अ‍ॅबनॉर्मल कर्व्हेचर' असलेलं नसावं, असं लिहिलं होतं. यावरून 'वाकड्या केळ्यांवर बंदी' असा गवगवा झाला. प्रत्यक्षात बंदी नव्हती, वाकडेपणाचं मापही दिलेलं नव्हतं, आणि खालच्या प्रतीच्या केळ्यांना आकारातले दोष माफ होते.

माप होतं ते काकडीचं. १९८८च्या नियमाप्रमाणे वरच्या दोन प्रतींच्या काकडीला १० सेंटिमीटर लांबीमागे १० मिलिमीटरपर्यंतच बाक चालायचा. खोक्यात सरळ काकड्या नीट बसतात, मोजायला सोप्या पडतात, हे त्यामागचं व्यापारी कारण. तो नियम १ जुलै २००९पासून निघाला.

भाषेसाठी यातलं शिकण्यासारखं असं: कायद्यात 'कर्व्हेचर', मथळ्यात 'बेंडी'. मथळा लिहिणाऱ्याने मुद्दाम बालिश शब्द उचलला, कारण त्याला सरकारी बाबू हास्यास्पद दाखवायचे होते. 'ब'ला 'ब' जोडून अनुप्रासही साधला, आपल्या 'काकडी वाकडी'सारखा. म्हणजे 'बेंडी' वापरून टोमणाही मारता येतो. गंभीर गोष्टीला हा शब्द लावला की ती पोरकट दिसायला लागते. म्हणून ती पोरकट दिसायला नको असेल तर लावू नका. घडी होणाऱ्या फोनला कंपन्या 'फोल्डेबल' म्हणतात. 'बेंडी फोन' म्हटलं की खिशात वाकलेला, बिघडलेला फोन डोळ्यांसमोर येतो.

माणसाला लावताना

शरीराबद्दल 'बेंडी' म्हटलं की अंग चांगलं वाकतं एवढाच अर्थ. 'ही इज व्हेरी बेंडी' हे वाक्य तडजोडीला तयार असलेल्या साहेबाबद्दल लिहिलंत, तर वाचणाऱ्याला साहेब चटईवर चक्रासन घालताना दिसतील. स्वभावासाठी 'फ्लेक्सिबल' किंवा 'अकॉमोडेटिंग'. आपल्याकडे 'मोडेन पण वाकणार नाही' म्हणतात, त्यात वाकणं म्हणजे शरण जाणं. ती छटा 'बेंडी'त अजिबात नाही, त्यामुळे कणाहीन पुढाऱ्यालाही तो लावता येत नाही. त्याला 'स्पाइनलेस' आहे.

योगाच्या वर्गात हा शब्द खूप ऐकू येतो: 'आय अ‍ॅम नॉट बेंडी इनफ फॉर योगा.' पुण्यात १९७५ साली उभ्या राहिलेल्या अय्यंगार योग संस्थेत जगभरातून विद्यार्थी येतात, आणि तिथल्या पद्धतीतले पट्टे, लाकडी ठोकळे, दोर हे अंग न वाकणाऱ्यालाही आसन जमावं यासाठीच असतात. स्वतःबद्दल 'नॉट व्हेरी बेंडी' म्हणणं गोड वाटतं. दुसऱ्याला, विशेषतः ऑफिसमधल्या ओळखीच्या बाईला, 'यू आर सो बेंडी' म्हणणं मात्र थेट तिच्या शरीरावरची टिप्पणी आहे. तिथे गप्प राहावं. कौतुक करायचंच असेल, म्हणजे मल्लखांब करणाऱ्या मुलामुलींबद्दल लिहिताना वगैरे, तर 'सपल' किंवा 'अ‍ॅजाइल' हे चांगले शब्द आहेत.

ज्यांचे सांधे गरजेपेक्षा जास्त वाकतात ते लोक स्वतःला गमतीने 'बेंडी' म्हणवून घेतात. डॉक्टरांचा शब्द 'हायपरमोबाइल'. ते बेटन स्कोअर नावाच्या नऊ गुणांच्या तपासणीने पाहतात. करंगळी मागे ९० अंशांपलीकडे जाते का, अंगठा मनगटापुढच्या हाताला टेकतो का, कोपर आणि गुडघा सरळ रेषेच्या पुढे १० अंशांहून जास्त जातात का, या चार गोष्टींना दोन्ही बाजूंचा एकेक गुण. आणि गुडघे सरळ ठेवून तळवे जमिनीला टेकले तर आणखी एक. मोठ्या माणसांत पन्नाशीपर्यंत पाच किंवा जास्त गुण आले तर सांधे सर्वसाधारणपणे सैल धरतात. अशा वेळी डॉक्टरांना लिहिताना 'माय फिंगर्स आर बेंडी' एवढ्यावर थांबू नका, कुठला सांधा किती मागे जातो आणि दुखतो का ते लिहा. 'डबल जॉइंटेड' हाही बोलण्यातलाच शब्द. दोन सांधे कुणालाच नसतात.

बेंडी बस

दोन डबे मधल्या फिरत्या सांध्याने जोडलेली लांब बस. सांध्याभोवती हार्मोनियमच्या भात्यासारखी घडीची भिंत असते. कागदावर ही 'आर्टिक्युलेटेड बस', लंडनकरांच्या तोंडी 'बेंडी बस'. तिथे १८ मीटर लांबीच्या या बस २००२पासून नियमित धावल्या आणि डिसेंबर २०११मध्ये शेवटची निघून गेली. त्या काढून टाकण्याचं आश्वासन २००८च्या महापौरपदाच्या निवडणुकीत बोरिस जॉन्सन यांनी दिलं होतं. भारतात अशा बसला 'व्हेस्टिब्यूल बस' म्हणतात. इथे 'बेंडी बस' म्हटलं तर शहरातल्या शहरात घाट चढणारी बस वाटेल.

शेजारचे घातक शब्द

'बेंट' म्हणजे वाकलेलं, आत्ता, झालेलं. 'बेंडी' म्हणजे वाकू शकणारं. 'बेंट स्पून' फेकायचा, 'बेंडी स्पून' बाळाला भरवायला घ्यायचा. शिवाय ब्रिटिश बोलीत माणसाला 'बेंट' म्हटलं की भ्रष्ट. 'बेंट कॉपर' म्हणजे लाच खाणारा पोलीस. तोच शब्द आणि 'बेंडर' हाही समलिंगी पुरुषांसाठी शिवीसारखा वापरला गेलाय, म्हणून माणसाला दोन्ही लावू नका. 'गोइंग ऑन अ बेंडर' म्हणजे दिवसच्या दिवस पीत राहणं. व्यायाम सांगताना 'बेंडी नीज' नको, 'कीप युअर नीज बेंट' म्हणा. आणि 'द बेंड्स' हा पाणबुड्यांना होणारा त्रास, खोलातून झपाट्याने वर आल्यावर रक्तात वायूचे बुडबुडे होतात तो.

वाक्यात बसवताना

नामाआधी आणि क्रियापदानंतर, दोन्ही जागी चालतो. तुलनेत 'वाय' जाऊन 'आय' येतो: 'बेंडियर', 'बेंडिएस्ट'. नाम 'बेंडीनेस', तिथेही 'वाय'च्या जागी 'आय'. 'मोर बेंडी' कानावर पडतं, लिहू नये. आधी 'अ बिट', 'रिअली', 'टू', 'नाइस अँड' लावता येतात. 'हायली बेंडी' किंवा 'एक्स्ट्रीमली बेंडी मटेरियल' म्हणजे सोवळ्यावर बर्म्युडा. मराठीतून येणारी एक ठराविक चूक अशी: 'दिस वायर इज बेंडी टू गो अराउंड द कॉर्नर.' इथे 'बेंडी इनफ टू गो' हवं. विरुद्ध अर्थासाठी 'अनबेंडी' बनवू नका, 'स्टिफ' आहे. आणि 'अनबेंडिंग' तर हट्टी, कडक माणसासाठी आहे.

विशेषणं एकापुढे एक येतील तेव्हा आकारमान आधी, 'बेंडी' मध्ये, रंग आणि पदार्थ शेवटी: 'अ लाँग बेंडी ग्रीन प्लास्टिक स्ट्रॉ'.

एका जागी हाच शब्द अतिशय औपचारिक होतो. युरोपातल्या घराण्यांच्या ढाली-चिन्हांच्या वर्णनात 'बेंडी' म्हणजे ढालीवर तिरके, सम संख्येचे, आलटून पालटून दोन रंगांचे पट्टे. बघणाऱ्याच्या डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरणारे. बर्गंडीच्या जुन्या चिन्हावर सोनेरी आणि निळे सहा पट्टे आहेत, त्याला 'बेंडी ऑफ सिक्स' म्हणतात. तिथे वाकण्याचा काही संबंध नाही.

मराठीत आणताना

भाषांतर करताना 'लवचीक' लगेच उचलू नका. तो शाळेच्या पुस्तकातला आहे, 'बेंडी' अंगणातला. बोलीत आपण विशेषणापेक्षा क्रियापदाने हे काम करतो. 'इट्स अ बेंडी रूलर' याचं 'ही लवचीक पट्टी आहे' हे भाषांतर बरोबर पण निर्जीव. 'ही पट्टी मस्त वाकते' हे जिवंत. 'लवलवीत' कोवळ्या फांदीला किंवा वेताला शोभतो. 'लिबलिबीत'मध्ये किळस असते, तो फक्त 'फ्लॉपी'च्या वाईट बाजूला. रस्त्यासाठी 'नागमोडी' आहेच, बोलताना 'वळणावळणाचा'. केळं नुसतं 'वाकडं'. स्ट्रॉला 'मान वाकणारा स्ट्रॉ' म्हटलं की दुकानदार विचारात न पडता बरोबर बरणीत हात घालतो. बसला 'मध्ये भाता असलेली जोडबस' म्हणा. आणि लंडनच्या गोष्टीत एखादा मुलगा 'बेंडी बस, बेंडी बस' ओरडत धावत असेल, तर 'बेंडी बस'च ठेवा. 'आर्टिक्युलेटेड' ओरडत कुठलंही पोर धावत नाही.